लोणेऱ्याच्या कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ,
विद्याविहार, लोणेरे, जि. रायगड



हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे, कारण विषय खासगी नाही. माझी कुठली फाईल आपल्या टेबलावर अडलेली नाही, की घरातले कुणी आपल्याकडे शिकत नाही. मी याच जिल्ह्यात राहतो, सरकारी खात्यात स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. ज्या विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब आहेत आणि ज्याच्या शेजारी महाड आहे, त्याने पुढे काय व्हायचे ठरवले आहे, हे विचारण्याचा अधिकार एवढ्या भांडवलावर मिळतो, असे मी समजतो.

आधी जमेची बाजू. १९८९च्या कायद्याने आपले विद्यापीठ जन्माला आले तेव्हा ते एका आवारापुरते होते. मुंबई-गोवा महामार्गालगत, माणगाव आणि महाडच्या मधे, भातखाचरांच्या शेजारी. मुलांनी त्याला ‘बाटू’ म्हणायचे आणि उरलेल्या महाराष्ट्राने ‘हे कुठे आलं?’ म्हणून विचारायचे, अशी बरीच वर्षे गेली. मग २०१४च्या नव्या अधिनियमाने राज्यभरातली महाविद्यालये संलग्न करून घेण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आणि २०१७-१८ पासून ती येऊ लागली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, पश्चिम महाराष्ट्रातून महाविद्यालयांनी आपापली जुनी विद्यापीठे सोडून लोणेऱ्याची वाट धरली.

त्याला कारणेही होती. पारंपरिक विद्यापीठात अभियांत्रिकी ही कला, वाणिज्य, विज्ञानाच्या गर्दीतली एक विद्याशाखा. अभ्यासक्रमातला एक जुना धडा काढायचा तरी समित्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. तंत्रशिक्षणाचे एकच विद्यापीठ, एक अभ्यासक्रम, एक वेळापत्रक ही कल्पना चांगली होती. शेवटच्या सत्रात कारखान्यात इंटर्नशिप करण्याची मुभा आपण दिलीत, तिचा फायदा झालेली मुले मी पाहिली आहेत. तेव्हा वाढीला माझा आक्षेप नाही. वाढलेल्या कामात विद्यापीठाचे काम किती आणि परीक्षा मंडळाचे किती, एवढाच हिशेब मला मागायचा आहे.

पहिले गाऱ्हाणे संलग्नतेचे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. मूठभर महाविद्यालयांच्या त्या काळात ते चालून गेले. पुढे महाविद्यालये वाढली आणि विद्यापीठांचा सगळा जीव प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि निकाल यांत अडकला. हा अनुभव गाठीशी असूनच २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितले की, महाविद्यालयांना टप्प्याटप्प्याने स्वायत्तता देऊन संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत मोडीत काढावी. आपल्याकडे घडले ते नेमके उलटे. एका आवारात शिकवणाऱ्या विद्यापीठाला शासनाने संलग्नतेच्या घाण्याला जुंपले, आणि तीनच वर्षांत देशाच्या धोरणाने तो घाणा बंद करायला सांगितला. निर्णय शासनाचा होता, आपला नव्हे, हे मला कळते. पण आता तो आपल्या अंगावर आहे, आणि त्यातून बाहेर पडण्याचा आराखडा आपल्याखेरीज कोण करणार?

दुसरे गाऱ्हाणे परीक्षा विभागाच्या खिडकीचे. राज्यातल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात निकालानंतरच्या दिवसांत तासभर त्या खिडकीपाशी उभे राहून पाहावे. रांगेतल्या मुलाच्या हातात प्लास्टिकची फाईल. तिसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेत आईचे नाव चुकले आहे आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख पुढच्या सोमवारची. आतला कर्मचारी स्वभावाने वाईट नाही, थकलेला आहे. ‘कॉलेजचं पत्र आणलंय? यावर प्राचार्यांचा शिक्का कुठंय? चलन ऑनलाइन भरलं असेल तर पावती जोडा. साहेब मीटिंगला गेलेत, तीननंतर या.’ मुलगा रात्रीच्या एसटीने आलेला असतो. तीनपर्यंत तो जिन्यात बसून राहतो, आणि तीनला कळते की साहेब मुंबईला गेले.

अशा खिडक्या सगळीकडे आहेत, म्हणून दोष एकट्या आपल्या पदरात टाकत नाही. पण लोणेरे राज्याच्या एका कडेला आहे. गोंदिया किंवा गडचिरोलीच्या मुलाला अशा खिडकीपाशी यायचे तर महाराष्ट्राची अख्खी रुंदी ओलांडावी लागते. महामार्गाची कथा तर आपण रोज खिडकीतून पाहता. २०११च्या सुमारास सुरू झालेले त्याचे चौपदरीकरण दशक उलटले तरी संपले नव्हते. ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी इतके दूरवर पसरले आहेत, त्याच्या कारभारात विद्यार्थ्याला स्वतः यावे लागणे हीच चूक मानली गेली पाहिजे. संगणकशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेला हे अवघड नाही.

तिसरे गाऱ्हाणे प्रयोगशाळेचे, आणि हे माझ्या पोटतिडकीचे आहे. स्थापत्य शाखेत काँक्रीटच्या घनाची चाचणी असते. दीडशे मिलिमीटरचा घन, मुलांच्या भाषेत क्यूब, साच्यात भरायचा, दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरवायचा आणि मग यंत्राखाली दाबून तो किती भाराला फुटतो ते नोंदवायचे. साधा प्रयोग आहे, पण त्याला अठ्ठावीस दिवस थांबावे लागते. पुष्कळ ठिकाणी कुणी थांबत नाही. वरच्या वर्गातल्या मुलाची जर्नल मिळते. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष सगळे तयार असते. निरीक्षणांच्या तक्त्यात शेवटचा आकडा तेवढा बदलायचा, आलेख काढायचा, सही घ्यायची. टाकीत क्यूब नाही, तक्त्यात मात्र त्याची ताकद दशांशापर्यंत लिहिलेली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकाला हे कळते, पण त्यालाही संध्याकाळची गाडी गाठायची असते.

हा मुलगा पुढे माझ्यासारखाच साइटवर उभा राहतो आणि ठेकेदाराने पुढे केलेल्या क्यूब रिपोर्टवर सही करतो. घरी बसून आकडे भरायची सवय त्याला आपणच लावलेली असते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये एक पाच मजली इमारत पत्त्यांसारखी कोसळली. ती काही पडझडीला आलेली जुनी वास्तू नव्हती. अशी बातमी आली की आपण बिल्डरला शिव्या घालतो, नगरपालिकेला घालतो. पण कागद खरा आणि काँक्रीट खोटे, ही रीत रुजते कुठे, याचा विचार अभियंते घडवणाऱ्यांनी करायचा नाही, तर कुणी?

यातच नवी भर पडली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखानिहाय प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली. संगणक, कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स या नावांच्या जागा फुगल्या. स्थापत्य, यंत्र आणि विद्युत शाखांचे वर्ग ओस पडू लागले. बाजार जिकडे जातो तिकडे महाविद्यालय जाणारच. त्याला पोट आहे. विद्यापीठाने मात्र विचारायला हवे की या नव्या जागांसाठी शिक्षक कुठून आले. कालपर्यंत यंत्र शाखेत असलेले सर आज ‘मशीन लर्निंग’ शिकवत असतील, तर संलग्नता समितीच्या अहवालात ते कोणत्या रकान्यात दिसते? तासिका तत्त्वावरच्या, दरवर्षी एप्रिलमध्ये मोकळ्या होणाऱ्या शिक्षकाच्या भरवशावर प्रयोगशाळा उभी राहत नाही. तपासणीच्या दिवशी शेजारच्या संस्थेतून उसन्या आणलेल्या माणसांनी तर नाहीच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

चौथे गाऱ्हाणे सर्वांत मोठे आहे. ते आपल्या शेजाराचे.

आपल्या फाटकातून बाहेर पडून दक्षिणेला निघावे. वाटेत दासगाव लागते. जुलै २००५च्या अतिवृष्टीत दासगाव आणि जुई या महाड तालुक्यातल्या गावांवर डोंगर आले. पुढे महाड. गांधारी आणि सावित्री इथे मिळतात. सह्याद्रीत पाऊस कोसळत असताना खाडीला भरती आली की पाणी माघारी फिरते आणि बाजारपेठ बुडते. २००५ला बुडाली, २०२१ला बुडाली. महाडच्या पुढे सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी गाड्या, त्यांतली माणसे. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. दोन वर्षांनी, जुलै २०२३मध्ये, याच जिल्ह्यात खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार होरपळून मेले.

या सगळ्या वर्षांत विज्ञान-तंत्रज्ञानाचे एक सरकारी विद्यापीठ इथे, या सगळ्याच्या मधोमध, उभे आहे. त्याच्याकडे स्थापत्य विभाग आहे, रसायन आणि पेट्रोरसायन विभाग आहे, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक विभाग आहेत. भूस्खलनाचा इशारा देणारी यंत्रणा बसवायची तर पाऊस मोजणारे, मातीतले पाणी मोजणारे, उताराची हालचाल टिपणारे आणि ती माहिती रेंज नसलेल्या वाडीतून तहसीलदारापर्यंत पोचवणारे लोक लागतात. ते सगळे आपल्या एका आवारात आहेत. आपल्या प्राध्यापकांनी या विषयांवर निबंध लिहिले असतील, मुलांनी प्रकल्पही केले असतील. माझा प्रश्न पुढचा आहे. त्यातले काय दासगावच्या ग्रामपंचायतीत टांगलेले आहे? डोंगरउतारावर दरवर्षी पावसात कोणती भेग किती रुंदावते, याची वही तालुक्यात कुणाकडे आहे? पावसाळा आला की तहसीलमधून दरडप्रवण वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा जातात. लोक विचारतात, ‘कशावरून पडणार?’ याचे उत्तर देणारा माणूस शास्त्रज्ञ हवा, तलाठी नव्हे.

पाचवे गाऱ्हाणे एका तुलनेतून सांगतो. आमच्या कोकणात आणखी एक सरकारी विद्यापीठ आहे, दापोलीचे कृषी विद्यापीठ, १९७२ साली स्थापन झालेले. त्याचे दोष आम्हाला ठाऊक आहेत. पण माणगाव तालुक्यातल्या न शिकलेल्या शेतकऱ्याला विचारा, तो कर्जतच्या संशोधन केंद्राच्या भाताच्या जाती नावानिशी सांगेल. सिंधुदुर्गातला बागायतदार काजूची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ यांतला फरक सांगेल, रत्ना आणि सिंधू या आंब्यांविषयी बरे-वाईट बोलेल. रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे माणसे माती तपासून घ्यायला जातात. कारण कृषी विद्यापीठांच्या घडणीतच शिक्षण आणि संशोधनाच्या जोडीला विस्तार हे तिसरे काम घातलेले आहे. त्यासाठी माणसे नेमलेली आहेत, पगार आहे, जीप आहे.

आता त्याच शेतकऱ्याला विचारा, लोणेऱ्याच्या विद्यापीठाने तुला काय दिले? बोअरवेलचे पाणी खारे झाले, तर ते तपासायला तो कुठे जातो? शाळेच्या स्लॅबच्या सळ्या गंजून बाहेर आल्या, तर ग्रामसेवक कुणाला फोन करतो? खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात सळी कशी टिकवावी हा इथल्या प्रत्येक गवंड्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या ग्रंथालयात आहे. ग्रंथालयापासून गवंड्यापर्यंत मात्र वाट नाही.

आणि ज्यांचे नाव आपण लावता, त्यांच्याविषयी. बाबासाहेबांचे महाड म्हटले की २० मार्च १९२७ आणि चवदार तळे सर्वांना आठवते. पाण्याशी त्यांचा संबंध तिथे संपला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि सिंचन व वीज हे विषय त्याच खात्यात येत. १९४३च्या पुराने दामोदरचे खोरे उद्ध्वस्त झाल्यावर ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात परिषद भरली, नोव्हेंबर १९४५मध्ये महानदीसाठी कटकला भरली. दोन्हींच्या मुळाशी बाबासाहेबांचे काम होते. पूर, वीज, सिंचन, जलवाहतूक यांचा विचार तुकड्या-तुकड्यांनी न करता अख्ख्या खोऱ्याचा म्हणून करायचा, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज असलेला आयोग त्याच काळात, १९४५ साली, उभा राहिला. पुढे दामोदर खोरे महामंडळ झाले. ज्या माणसाने दामोदर आणि महानदीचा विचार असा केला, त्याच्या नावाच्या विद्यापीठाने दाराजवळच्या सावित्रीचा, महाबळेश्वरपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या एका छोट्या खोऱ्याचा, तसा विचार करू नये? जयंतीला हार घालण्यापेक्षा हे काम अवघड आहे, मान्य. पण नाव लावायचे तर ते पेलायलाही हवे.

आता विनंत्या.

एक. संलग्नतेतून बाहेर पडण्याचा वर्षवार आराखडा जाहीर करा. कोणते महाविद्यालय कोणत्या वर्षी स्वायत्त होईल, तोवर त्याला काय करून दाखवावे लागेल, हे लिहून काढा. तो होईपर्यंत नव्या महाविद्यालयांना दार बंद ठेवा. आकडा वाढणे थांबले म्हणून कुणी आपल्याला नावे ठेवणार नाही.

दोन. विभागीय केंद्रांना सहीचा अधिकार द्या. नावातली दुरुस्ती, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, ट्रान्सस्क्रिप्ट, उत्तरपत्रिकेची छायाप्रत यांसाठी कुणालाही लोणेऱ्याला यावे लागू नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. त्याच्या धर्तीवर प्रत्येक कामाला मुदत ठरवा, ती भिंतीवर लावा आणि मुदत चुकली तर उत्तर कुणी द्यायचे त्या अधिकाऱ्याचा हुद्दाही लावा.

तीन. प्रत्येक संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकांची शाखानिहाय यादी, शिक्षण आणि नेमणुकीच्या स्वरूपासह, प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधी लोकांसमोर ठेवा. पालक कर्ज काढून मुलाला पाठवतो. गच्चीवरची बाग आणि प्रवेशद्वाराची कमान त्याला जाहिरातीत दिसते, शिक्षक दिसत नाही.

चार. निदान एक प्रयोग खरा करून घ्या. प्रत्येक शाखेतला एक प्रयोग निवडा, तो विद्यार्थ्याने स्वतः केल्याचा पुरावा मागा आणि चुकलेल्या पण खऱ्या आकड्यांना बरोबर पण नकललेल्या आकड्यांपेक्षा जास्त गुण द्या. एवढ्याने क्रांती होणार नाही, पण खोटे लिहिले की पास होता येते हा पहिला धडा तरी पुसला जाईल.

पाच. सावित्री खोऱ्याचे एक केंद्र काढा. दरडी, पूर, पुलांची तपासणी, कारखान्यांची सुरक्षितता, खारे पाणी आणि गंज, हे त्याचे विषय. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी नवे प्रकल्प शोधायला लावण्याऐवजी हे जुने प्रश्न वर्षानुवर्षे पुढे न्यायला द्या. एका तुकडीने बसवलेले पर्जन्यमापक दुसऱ्या तुकडीने सांभाळावेत, तिसरीने त्यांचे आकडे वाचावेत. जे कळेल ते मराठीत, चार पानांत, ग्रामपंचायतीला द्यावे. पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात २०२१-२२ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवण्याची सोय झाली. वर्गात मराठी चालते, तर चावडीवर का चालू नये?

सहा. विस्तार हे काम विद्यापीठाच्या नियमांत लिहा आणि प्राध्यापकाच्या बढतीत ते मोजा. ज्याने तीन गावांचे पाणी तपासून दिले, त्याला पैसे भरून छापलेल्या निबंधाइतके तरी गुण मिळोत.

यावर आपण म्हणाल, पैसा कुठे आहे, मंजूर पदे कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे, म्हणून दोन शब्द मुंबईत बसलेल्यांसाठी. शासनाने विद्यापीठाला राज्य जोडून दिले, पण त्या प्रमाणात माणसे दिली का? संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्कावर विद्यापीठ चालवायचे ठरले, तर ते परीक्षाच घेत बसणार. ८ जुलै २०२४च्या शासननिर्णयाने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. चांगला निर्णय. या मुली आता अभियांत्रिकीला येत आहेत. त्यांना वसतिगृह, कायम नेमलेल्या शिक्षिका आणि चालू स्थितीतली यंत्रे कोण देणार? फी माफ केली म्हणजे शिक्षण दिले असे होत नाही.

माननीय महोदय, सहाही विनंत्या एकदम मान्य व्हाव्यात असा हट्ट नाही. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत यांतली एक तरी विषयपत्रिकेवर घ्या, तिच्यावर चर्चा करा आणि निर्णय काय झाला तो जाहीर करा. नकार असेल तर नकार कळवा, पण कारणासह. आणि पाचवी विनंती निवडलीत, तर पावसाळ्याआधी कामाला लागा. दासगाव आपल्यापासून लांब नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दक्षिण रायगडातील एक निवृत्त अभियंता